भाडेपावती कुणाच्या नावावर?

निवडणुका जवळ आल्या की आपल्या मुलींना कॉलेजात, ऑफिसात एक प्रश्न हमखास विचारला जातो. “तुमच्यात बायकांना मत असतं का गं? तिकडे अरब देशांत तर नसतंच ना?” विचारणारा दरवेळी वाईट हेतूनेच विचारतो असे नाही. त्याने टीव्हीवर काहीतरी अर्धवट ऐकलेले असते. मुलगी घरी येऊन अम्मीला विचारते, अम्मी अब्बांकडे बघते आणि अब्बा म्हणतात, “तुर्कस्तानात फार आधीच दिलं होतं बहुतेक.” अब्बांचे उत्तर बरोबर आहे, पण ‘बहुतेक’वर वाद जिंकता येत नाही. म्हणून आधी तारखा देतो. मग आपल्या मुंबईची हकिकत सांगतो. गिरगाव, परळ, लालबागच्या बायकांना मत मिळताना ज्या अटी आडव्या आल्या, जवळजवळ त्याच अटी पुढे दमास्कस, कैरो आणि रियाधमध्ये दिसतात. हा योगायोग आम्हाला तारखांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

क्रिमियातल्या तातार मुसलमानांनी १९१७ च्या अखेरीस आपली प्रतिनिधी सभा, म्हणजे कुरुलताई, भरवली. तिच्या निवडणुकीत स्त्रियांनी मत दिले आणि स्त्रिया निवडूनही आल्या. शफिका गास्पिराली हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. मे १९१८ मध्ये अझरबैजानचे प्रजासत्ताक स्थापन झाले आणि त्याने स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मान्य केला. त्याच १९१८ मध्ये ब्रिटनने स्त्रियांना मत दिले खरे, पण ३० वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. बरोबरीचा हक्क तिथे १९२८ ला आला. तुर्कस्तानने १९३० मध्ये नगरपालिकांसाठी आणि ५ डिसेंबर १९३४ रोजी संसदेसाठी स्त्रियांना मत दिले. फ्रान्सच्या बाईला ते १९४४ मध्ये मिळाले आणि स्वित्झर्लंडच्या बाईला देशपातळीवर १९७१ मध्ये. इंडोनेशियात १९५५ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक स्त्री-पुरुषांनी मिळून केली. इराण १९६३.

आखाती देशांचे मात्र खरे तेच सांगायला हवे. कुवेतमध्ये १९९९ साली अमीरांनी स्त्रियांना मत देणारा हुकूम काढला आणि निवडून आलेल्या संसदेने तो फेटाळला. १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ ने कायदा मंजूर झाला आणि २००९ मध्ये चार स्त्रिया संसदेत निवडून आल्या. सौदी अरेबियात स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले ते डिसेंबर २०१५ मध्ये, तेही फक्त नगरपालिकांसाठी. या उशिराचे समर्थन करण्यात आम्हाला रस नाही. विरोध करणाऱ्यांत धर्माचे नाव घेणारेही होते; १९५२ मध्ये अल-अजहरच्या फतवा समितीने स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध मत दिले होते. दुसऱ्या बाजूचे लोक सूरह मुम्तहिनाची बारावी आयत पुढे करत. तिथे स्त्रियांनी येऊन स्वतः बैअत करण्याचा उल्लेख आहे. बाप किंवा नवरा तिच्या वतीने बैअत करत नाही, ती स्वतः करते. हुदैबियाच्या प्रसंगी उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला गेला, हाही दाखला दिला जाई. एकाच दीनाच्या लोकांत हा वाद झाला, हे मुलींना सांगायला लाजण्याचे कारण नाही.

आता मुंबई.

डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटायला स्त्रियांचे एक शिष्टमंडळ गेले. नेतृत्व सरोजिनी नायडूंचे होते. त्यात मौलाना हसरत मोहानींच्या पत्नी निशातुन्निसा बेगम होत्या आणि मुंबईच्या हेराबाई टाटाही होत्या. मागणी साधी होती: नव्या सुधारणांत मतदार ठरवताना बाई आहे म्हणून कुणाला वगळू नका. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९१८ मध्ये, मुंबईत काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. अध्यक्ष पाटण्याचे बॅरिस्टर सय्यद हसन इमाम होते. तिथे सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला.

सरकारला मात्र तो पटला नाही. मताधिकार ठरवायला लॉर्ड साउथबरो यांची समिती फिरत होती. तिने स्त्रियांना मत देण्याची वेळ अजून आलेली नाही असा निर्वाळा दिला आणि कारणांत पडदा पुढे केला: अनेक जातिजमातींत बायका पडद्यात राहतात, त्यामुळे त्यांचे मत नावापुरतेच राहील. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या बुरख्याचा हवाला देऊन हेराबाईंसारख्या पडदा नसलेल्या पारशी बाईचेही मत अडवले गेले, आणि ज्यांचा हवाला दिला त्या पडद्यातल्या बायकांना कुणी विचारलेच नव्हते! हे वाचताना आम्हाला आजच्या काही चर्चा आठवल्या.

हेराबाई गप्प बसल्या नाहीत. १९१९ मध्ये त्या आपली मुलगी मिठान हिला घेऊन विलायतेला गेल्या आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. (मिठानने तिकडे कायद्याचा अभ्यास केला. मिठान लाम या नावाने त्या पुढे मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर झाल्या आणि १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ.) पार्लमेंटने निकाल असा लावला की ज्या त्या प्रांताच्या कायदेमंडळाने हवे तर बायकांवरची बंदी उठवावी. मद्रासने एप्रिल १९२१ मध्ये ती उठवली, मुंबईने जुलै १९२१ मध्ये. तुर्कस्तानच्या संसदेने मत देण्यापूर्वी तेरा वर्षे. निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क कायदेमंडळासाठी १९२६ मध्ये मिळाला. पालिकेत मात्र १९२३ मध्येच सरोजिनी नायडू आणि गिरगावातल्या हिंद महिला समाजाच्या संस्थापक अवंतिकाबाई गोखले या दोघी पोहोचल्या होत्या.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही शोभेल. पण १९२१ मध्ये मुंबईच्या किती बायका खरोखर मत देऊ शकत होत्या? फार थोड्या. कारण बंदी उठली ती बाई असण्यावरची. मत मिळायचे ते मालमत्तेवर, करावर, भाड्यावर. १९२२ च्या सुधारणेनंतर महापालिकेच्या मतासाठी महिना १० रुपये भाड्याची जागा लागे. परळ-लालबागच्या चाळीतल्या बहुतेक एकखणी खोल्यांचे भाडे त्याहून कमी होते, म्हणजे गिरणीतला मर्दही बाहेरच. रत्नागिरी, दापोली, महाड, श्रीवर्धनकडून आलेला आपला कोकणी मुसलमान खलाशी किंवा गोदीतला कामगार तर चार-सहा गाववाल्यांबरोबर एकाच खोलीत राही. पावती एकाच्या नावावर, बाकीचे बिननावाचे. आणि ज्या घरांचे भाडे १० रुपयांच्या वर होते, तिथे भाडेपावती कुणाच्या नावावर फाडली जाई? शेठच्या, शेठानीच्या नव्हे. कायदा बाईला मत देत होता आणि पावती ते काढून घेत होती.

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न यायला हवा. मुसलमान बाईला तर शरीअतने स्वतःची मालमत्ता दिलेली आहे. मेहर तिचा, वारशातला हिस्सा तिचा, लग्नानंतरही तो तिच्याच नावावर. मग मालमत्तेवर मत मिळत असेल तर मुंबईच्या मुसलमान बायका यादीत इतरांच्या पुढे असायला हव्या होत्या. काही घराण्यांत तसे असेलही. पण मुंबईच्या दोन मोठ्या व्यापारी जमाती, खोजा आणि कच्छी मेमन, यांच्या मुलींचा वारसा याच शहरातल्या कोर्टाने रोखून धरला होता. सन १८४७. हिरबाई विरुद्ध सोनाबाई या खटल्यात खोजा समाजातल्या मुलींनी बापाच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनी निकाल दिला की या जमाती धर्माने मुसलमान असल्या तरी वारशाच्या बाबतीत त्यांच्यात जुना हिंदू रिवाज चालतो आणि त्या रिवाजात मुलींना हिस्सा नाही. मेमनांच्या बाबतीतही तेच ठरले. पुढची नव्वद वर्षे, म्हणजे १९३७ चा शरीअत कायदा होईपर्यंत, ही आडकाठी कमीअधिक कायम होती. कच्छी मेमनांसाठी १९३८ चा वेगळा कायदा करावा लागला. शहरातल्या सर्वांत श्रीमंत मुसलमान घरांतल्या लेकींकडे पैसा होता तो दागिन्यांत. आणि दागिन्यावर मत मिळत नसे.

मालमत्तेचा आणि मताचा हा संबंध त्या काळी ज्यांना स्पष्ट दिसत होता, त्यांतले एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे या सभेतर्फे त्यांनी मागणी केली ती प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत देण्याची. पावती नको, कर नको, सही नको. लालबाग-परळच्या बाईला मत मिळण्याचा हाच एक रस्ता होता. मात्र तो उघडायला आणखी बावीस वर्षे लागली.

मधल्या काळात १९३५ चा कायदा आला आणि त्याने अटींचे नवे गाठोडे आणले. स्वतःची मालमत्ता नसली तरी ठराविक पात्रतेच्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून मत मिळू लागले. लिहिता-वाचता येत असले तरीही. काही प्रांतांत पतीच्या पात्रतेवर नाव घालायचे तर बाईने स्वतः अर्ज करायचा होता. पुरुषाचे नाव मात्र कारकून आपण होऊन लिहून घेई. देशभरात सुमारे ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या. पुरुष होते २ कोटी ९० लाखांच्या आसपास.

याच कायद्याने स्त्रियांसाठी राखीव जागा आणल्या आणि त्या धर्मावर वाटल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ६ स्त्रियांच्या होत्या, त्यांतली १ मुस्लिम स्त्रीसाठी. १९३७ मध्ये या जागेवरून सभागृहात गेल्या त्या बेगम सलीमा फैज तय्यबजी. त्यांचे पती फैज तय्यबजी म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजींचे चिरंजीव आणि मुस्लिम कायद्यावरच्या प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक. याच दांपत्याच्या कन्या कमिला तय्यबजी पुढे वकील झाल्या आणि त्यांनी मुंबईत विमेन्स इंडिया ट्रस्ट ही संस्था काढली.

गंमत अशी की राखीव जागांना सर्वांत ठाम विरोध करणाऱ्यांत याच तय्यबजी खानदानातली दुसरी बाई होती. शरीफा हमीद अली, अब्बास तय्यबजींची मुलगी. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर आणि डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्याबरोबर त्या लंडनला पार्लमेंटच्या समितीपुढे उभ्या राहिल्या. एक पंजाबी ख्रिस्ती, एक मद्रासी हिंदू, एक मुसलमान. तिघींचे म्हणणे एकच होते: राखीव खुर्ची नको, धर्मावर वाटणी नको, सगळ्यांना मत द्या. समितीने ऐकले नाही. कोण बरोबर होते, सलीमाबेगम की शरीफाबेगम? सलीमाबेगम सभागृहात बसल्या नसत्या तर तिथे मुसलमान बाईचा आवाजच गेला नसता, हे खरे. आणि एका जागेने लाखो बायकांची बोळवण झाली, हेही खरे. आमचा कल शरीफाबेगमकडे आहे. वाचकांचा वेगळा असू शकतो.

शरीफा हमीद अली १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयीच्या आयोगावर भारतातर्फे गेल्या. १५ देशांच्या त्या पहिल्या आयोगात तुर्कस्तान आणि सीरियाच्याही प्रतिनिधी होत्या. त्या वेळी तुर्की बाई तेरा वर्षांपासून मत देत होती आणि सीरियाच्या बाईला मत नव्हते. सीरियाने ते १९४९ मध्ये दिले. अट? प्राथमिक शाळा शिकलेली असावी. पुरुषाला ही अट नव्हती. लेबनॉननेही १९५० च्या दशकात मत दिले तेव्हा बाईकडेच शाळेचा दाखला मागितला. आपल्याकडची १९३५ ची साक्षरतेची पायरी तिकडे पंधरा वर्षांनी उगवली.

मिसरची कथा तर आणखी ओळखीची. १९ फेब्रुवारी १९५१ रोजी दुरिया शफीक यांच्या मागे सुमारे दीड हजार बायका कैरोच्या संसदेत घुसल्या. १९५४ मध्ये दुरियांनी उपोषण केले. १९५६ च्या संविधानाने मत दिले, पण पुरुषांची नोंदणी सक्तीची आणि बाईने हवे असेल तर अर्ज करावा, असा नियम झाला. १९५७ मध्ये दोन स्त्रिया निवडून आल्या, मात्र मतदार यादीत बायका फार थोड्या होत्या. ‘हवे असेल तर अर्ज करा’ हे वाक्य कागदावर किती सभ्य दिसते! ज्या घरात बाईने कधी सरकारी कचेरीचा उंबरा ओलांडलेला नाही, तिथे त्याचा अर्थ ‘राहू द्या’ एवढाच होतो.

साक्षरतेच्या अटीचा विचार करताना मुंबईच्या कुलसुम सयानी आठवतात. वडील डॉ. रजबअली पटेल, पती डॉ. जानमहंमद सयानी; रेडिओवरच्या अमीन सयानींच्या या आई. मुसलमान बायका वर्गात येत नाहीत, अशी तक्रार त्या काळीही होती. कुलसुमबेन म्हणाव्यात तशा साध्या रीतीने वागल्या: बायका वर्गात येत नसतील तर वर्ग बायकांच्या घरात न्यायचा. प्रौढ शिक्षणाच्या कामात त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत शिक्षिका पाठवल्या. ओसरीवर, जिन्याशेजारच्या खोलीत, चूल आवरल्यावर तास भरू लागला. १९४० पासून १९६० पर्यंत त्यांनी ‘रहबर’ नावाचे पत्र चालवले. सोपी हिंदुस्तानी, आणि लिपी तीन: देवनागरी, उर्दू, गुजराती. नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला जी लिपी येते, तीत तिने वाचावे. मताधिकाराच्या इतिहासात कुलसुमबेनचे नाव सहसा कुणी घेत नाही, कारण त्यांनी मोर्चा काढला नाही. पण ज्या काळात सही करता आली तर मत मिळे, त्या काळात बाईला सही शिकवणे हे काय होते?

मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. २६ जानेवारी १९५० ला संविधान आले, त्यातले कलम ३२६ आले, आणि पावती, कर, दाखला, नवरा, सगळे एका फटक्यात गेले. संविधान सभेत एकुलत्या एक मुस्लिम स्त्री सदस्य होत्या बेगम ऐजाज रसूल. त्यांनीही धर्माच्या राखीव जागांना विरोधच केला.

मग १९५१-५२ ची पहिली निवडणूक आली आणि एक अट कुणाच्या ध्यानीमनी नसताना उभी राहिली. नाव. उत्तर भारतात यादी करायला कारकून दारात गेले तेव्हा असंख्य बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. परक्या पुरुषापुढे नाव घेण्याची रीत नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की अशी नोंद चालणार नाही. देशातल्या जवळपास ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेशात. यात हिंदूही होत्या, मुसलमानही. सेन कठोर वागले असे आम्हाला आधी वाटे. आता वाटते, त्यांनी त्या बायकांना एक गोष्ट पक्की सांगितली की मत नावाला मिळते, नात्याला नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ घरांनी नावे सांगितली. पडद्याची अडचण मात्र सेन यांनी समजून घेतली. फक्त स्त्रियांसाठी म्हणून २७,५२७ मतदान कक्ष त्या निवडणुकीत होते. साउथबरोंना जो पडदा मताच्या आड आलेला दिसत होता, तो एका वेगळ्या दाराने आणि एका महिला कर्मचाऱ्याने सुटला.

आता सौदीकडे पुन्हा बघू. २०१५ मध्ये तिथे सुमारे १ लाख ३० हजार बायकांनी नाव नोंदवले. पुरुष साडेतेरा लाखांच्या घरात होते. इतका फरक का पडला याची जी कारणे तेव्हा पुढे आली, त्यांत एक होते राहण्याच्या पुराव्याचे. घराचे कागद नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावावर. १९२२ ची परळची भाडेपावती २०१५ मध्ये रियाधला भेटली म्हणायची! पाकिस्तानात बाईला मत सुरुवातीपासून आहे, पण २०१८ च्या यादीत बायका पुरुषांपेक्षा सव्वा कोटीच्या आसपास कमी होत्या. मोठे कारण ओळखपत्र काढलेले नसणे. २०१७ च्या कायद्याने तिथे असे ठरवले की एखाद्या मतदारसंघात स्त्रियांचे मतदान एकूण मतदानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर ती निवडणूक रद्द होऊ शकते. बांगलादेशाने २००८ पूर्वी घरोघर जाऊन फोटोसह नवी यादी केली, तेव्हा ८ कोटींहून अधिक नावांच्या त्या यादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या.

आपल्या यादीत काय निघते? हा प्रश्न घेऊन आम्ही लालबाग-परळच्या काही चाळींत आणि गिरगावच्या दोन-तीन इमारतींत बायकांशी बोललो. मत द्यायची इच्छा नाही अशी एकही भेटली नाही. भेटल्या त्या कागदाच्या तक्रारी. पागडीच्या खोलीची पावती अजून मरहूम सासऱ्यांच्या नावावर. लाईट बिल दिराच्या नावावर. एका आजींचे नाव मतदार ओळखपत्रावर ‘बी’ लावून, आधारवर ‘बी’शिवाय आणि रेशन कार्डावर नुसते ‘बेगम’. त्या हसत म्हणाल्या, “बाय, मी तीन आहे, आणि मत एकीलाही देऊ देत नाहीत.” निकाहनंतर कोकणातून मुंबईत आलेल्या एका सुनेचे नाव माहेरच्या गावी आहे, सासूला वाटते इकडे आपोआप चढले असेल.

यात मुंबईची खास अडचण मिसळते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसे पांगली. मग पुनर्विकास आला. ना. म. जोशी मार्ग, नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर होताहेत; जुन्या इमारतींतली कुटुंबे कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाडे घेऊन मुंब्र्याला, मीरा रोडला, नालासोपाऱ्याला. घरातला मर्द कामासाठी रोज परळला येतो, त्यामुळे त्याचे नाव, त्याचे कागद या ना त्या मार्गाने फिरत राहतात. बाईचे नाव पाडलेल्या चाळीच्या खोली नंबरवर अडकून राहते. घरी जाऊन तपासणारा बीएलओ येतो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण असते. नाव ‘स्थलांतरित’ म्हणून निघाले की ती मतदानाच्या दिवशी कार्ड घेऊन रांगेत उभी राहते आणि तिला परत पाठवतात. कार्ड म्हणजे मत नव्हे. यादीत नाव असेल तर कार्ड नसतानाही आयोगाने मान्य केलेल्या इतर ओळखपत्रांवर मत देता येते. यादीत नाव नसेल तर कार्ड असून उपयोग नाही.

तेव्हा कामाचे थोडे. नवे नाव घालायला नमुना ६. नाव, वय, नातेसंबंध किंवा पत्त्यातली दुरुस्ती आणि जागा बदलली असेल तर नमुना ८. निकाहनंतर सासरी आलेल्या मुलीचे नाव आधीच माहेरच्या यादीत असेल तर तिने नवा नमुना ६ भरू नये, नमुना ८ भरावा. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही आणि खोटे लिहून देणे गुन्हा आहे. राहण्याचा पुरावा स्वतःच्या नावाचाच हवा असे नाही: त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असलेल्या आई, वडील, पती किंवा सज्ञान मुलाच्या नावावरचा कागद नमुना ६ ला चालतो. सासऱ्यांच्या नावाची पावती असेल तर पतीचे आधार किंवा बँकेचे पासबुक लावावे. अठरा पुरी होणाऱ्या मुलींसाठी आता वर्षाला चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. चेहरा झाकणाऱ्या बायकांची ओळख महिला कर्मचाऱ्याने आडोशाला पटवावी अशी सोय मतदान केंद्रावर आहे; तिथल्या अधिकाऱ्याकडे ती मागावी, संकोच करू नये. चौकशीचा फोन १९५०.

महापालिकेच्या २२७ प्रभागांपैकी निम्मे आता स्त्रियांसाठी राखीव असतात, म्हणून पालिकेच्या वेळी आपल्या मोहल्ल्यांत धावपळ जास्त असते. पण पालिकेची यादी वेगळी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावे आहेत तीच प्रभागांत वाटून घेतो. त्या तारखेनंतर भरलेला नमुना पालिकेच्या मतदानाला उपयोगी पडत नाही, म्हणून प्रचाराचे भोंगे वाजू लागल्यावर धावण्यात अर्थ नसतो. यादी संगणकावर शोधताना मराठी-इंग्रजीच्या घोळात नाव हरवते. ‘शेख’ सापडले नाही तर ‘शैख’ टाकून बघावे, ‘झुबेदा’ नसेल तर ‘जुबेदा’, ‘खतिजा’ नसेल तर ‘खदिजा’. तरीही नाही दिसले, तर बीएलओकडची छापील यादी घेऊन घराच्या आणि खोलीच्या क्रमांकावरून एकेक ओळ बोट ठेवून वाचावी. नाव चुकलेले असते तिथे खोली नंबर बहुधा बरोबर असतो.